संत जॉन मेरी व्हियानी आणि आर्सचे रिकामे देऊळ



दरवर्षी ४ ऑगस्टला संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण येतो. ते धर्मग्राम सांभाळणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत. म्हणून त्या दिवशी आपण आपल्या फादरांना शुभेच्छा देतो, एखादा पुष्पगुच्छ देतो आणि संतांचे नाव एकदा घेऊन मोकळे होतो. त्यांच्या मृत्यूला १५० वर्षे झाली तेव्हा पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जून २००९ ते जून २०१० हे वर्ष धर्मगुरूंचे वर्ष म्हणून पाळायला सांगितले होते. त्या वर्षी व्हियानींविषयी पुष्कळ बोलले गेले, पण ते बहुतेक सारे धर्मगुरूंना उद्देशून होते. या खेपेला आम्ही त्यांच्याकडे बाकावर बसणाऱ्यांच्या बाजूने पाहणार आहोत. कारण ही गोष्ट जशी एका धर्मगुरूची आहे तशीच ती एका गावाची आहे, आणि ते गाव देवळात जायचे जवळजवळ विसरले होते.

जॉन मेरी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लिऑन शहराजवळच्या दार्दिली या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. वडील मत्ते, आई मारी, आणि सहा मुले. जॉन चौथा. घरची रीत अशी की दारात आलेला भिकारी उपाशी परत जायचा नाही. आजोबांच्या काळात, १७७० साली, एक फाटका यात्रेकरू रात्रीच्या आसऱ्याला आला होता. तो पुढे संत बेनेडिक्ट जोसेफ लाब्र म्हणून ओळखला गेला. आईने लहानग्या जॉनला पवित्र मरियेचा एक छोटा लाकडी पुतळा दिला होता. तो गुरे राखायला जाताना हा पुतळा बरोबर नेत असे, झाडाच्या ढोलीत ठेवी आणि पुढे गुडघे टेकी.

तो तीन वर्षांचा असताना फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. नव्या सरकारने धर्मगुरूंना सरकारी शपथ घ्यायला लावली. ज्यांनी ती नाकारली त्यांना देश सोडावा लागला किंवा लपून राहावे लागले. पकडले गेलेल्यांपैकी कित्येकांना प्राण गमवावे लागले. देवळे बंद झाली, घंटा उतरवल्या गेल्या. शपथ न घेतलेले धर्मगुरू वेष पालटून फिरत. फादर बाले सुताराची हत्यारे घेऊन हिंडत, फादर ग्रोबो स्वयंपाक्याचे काम करीत. रात्री कुठल्या तरी गोठ्यात किंवा कोठारात मिस्सा होणार असल्याचा निरोप कानोकानी यायचा आणि व्हियानी कुटुंब अंधारात चालत निघायचे. मुलांना रस्त्यात बोलायची बंदी. पकडले गेलो तर काय होईल हे मोठ्यांना ठाऊक होते. त्या काळी कोणीही सवय म्हणून मिस्सेला जात नव्हते.

१७९७ साली, अकराव्या वर्षी, जॉनने पहिले पापनिवेदन केले ते घरातल्याच उंच घड्याळाच्या पायाशी. फादर ग्रोबो त्या दिवशी त्यांच्या घरी आले होते आणि देऊळ तर बंदच होते. दोन वर्षांनी एक्युली गावात त्याला प्रथम ख्रिस्तप्रसाद मिळाला. दिवस गवत कापणीचे होते. एका घरात सोळाएक मुले जमवली होती. खिडक्या झाकून घेतल्या होत्या, आणि आतल्या मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताने भरलेल्या गाड्या उभ्या केल्या होत्या. आत मिस्सा चालू असताना बाहेर माणसे गाड्यांवरचे गवत उतरवण्याचे सोंग करीत होती. पहारा तोच होता. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी आपल्याकडे पांढरे कपडे असतात, मेणबत्त्या असतात, फोटो असतात, पाहुण्यांचे जेवण असते. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. आनंदाचा दिवस आनंदानेच व्हावा. पण तेरा वर्षांच्या त्या मुलाला त्या दिवशी एवढेच कळले होते की गाड्यांच्या आड जे होते त्यासाठी माणसे जीव धोक्यात घालतात. आयुष्यभर त्यांच्या डोळ्यांपुढून तो दिवस हलला नाही. उतारवयातही त्याची आठवण निघाली की त्यांना रडू येई.

१८०१ मध्ये नेपोलियन आणि पोप यांच्यात करार झाला आणि देवळे पुन्हा उघडली. जॉनला धर्मगुरू व्हायचे होते, पण शेतात राबणाऱ्या मुलाचे शिक्षण ते किती! वडिलांनी पुष्कळ दिवस नकार दिला. अखेर विसाव्या वर्षी तो एक्युलीला फादर बाले यांच्याकडे शिकायला गेला. तेच हे सुताराच्या वेषातले फादर. लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना. बरोबरच्या विद्यार्थ्यांत मतियास लोरास नावाचा बारा वर्षांचा हुशार मुलगा होता. त्याला एकदा शिकवून शिकवून इतका राग आला की त्याने या थोराड विद्यार्थ्याला सर्वांदेखत थोबाडीत मारली. मार खाणाऱ्यानेच गुडघे टेकून क्षमा मागितली. तोच मतियास पुढे अमेरिकेत डुब्यूकचा पहिला बिशप झाला.

मध्येच १८०९ साली सैन्यभरतीचा हुकूम आला. धर्मगुरू होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना सूट होती, पण यादीत त्यांचे नाव यायचे राहून गेले होते. ते आजारी पडले, रुग्णालयात राहिले. बरे झाल्यावर तुकडीबरोबर निघायच्या वेळी ते एका देवळात प्रार्थनेला शिरले आणि वेळेचे भान राहिले नाही. तुकडी पुढे निघून गेली. मग मागे राहिलेल्या या अशक्त शिपायाला एक माणूस डोंगरातल्या ले नोए गावी घेऊन गेला. तिथे दुसऱ्या नावाने, मुलांना शिकवीत, गोठ्यात लपत, त्यांनी वर्षभराहून जास्त काळ काढला. १८१० मध्ये फरारी सैनिकांना माफी मिळाली. त्यांच्या जागी धाकटा भाऊ सैन्यात गेला, तो मात्र परत आला नाही. संतांच्या चरित्रात ही बाजू पुष्कळदा गाळली जाते. आम्हाला ती गाळावीशी वाटत नाही.

सेमिनरीतही लॅटिनने पाठ सोडली नाही. शिकवणे लॅटिनमधून, परीक्षा लॅटिनमधून. लिऑनच्या सेमिनरीने त्यांना घरी पाठवले. फादर बाले यांनी हट्ट सोडला नाही, फ्रेंचमधून प्रश्न विचारायला लावले, आणि धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांनी त्यांची भक्ती पाहून होकार दिला. १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रेनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. लिऑनहून सुमारे शंभर किलोमीटर ते पायी आणि एकटे गेले. घरचे कोणीही सोबत नव्हते. आई चार वर्षांपूर्वीच वारली होती. पहिले काही महिने त्यांना पापनिवेदन ऐकण्याची परवानगीसुद्धा नव्हती. ज्यांच्या पापनिवेदनासाठी पुढे निम्मा फ्रान्स रांगेत उभा राहिला त्यांच्यावर हा भरवसा! परवानगी आल्यावर पहिले पापनिवेदन करायला त्यांच्यापुढे बसले ते खुद्द फादर बाले.

दोघे एक्युलीला एकत्र राहत आणि उपासतापास करण्यात एकमेकांशी जणू स्पर्धा करीत. हे फार करतात म्हणून व्हियानींनी वरिष्ठांकडे तक्रार केली, तर हाच फार करतो अशी बाले यांचीही तक्रार तिथे पोहोचली होती. वरिष्ठांना हसू आवरले नसावे. डिसेंबर १८१७ मध्ये फादर बाले वारले, आणि दोनच महिन्यांनी व्हियानींना आर्सला पाठवण्यात आले.

आर्स म्हणजे लिऑनच्या उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर असलेले, चाळीसेक घरांचे, २३० वस्तीचे खेडे. नेमणूक देताना वरिष्ठांनी सांगून टाकले होते की तिथे देवावरचे प्रेम फारसे नाही, ते तुम्हालाच न्यावे लागेल. फेब्रुवारी १८१८ मधला तो दिवस धुक्याचा होता. रस्ता चुकला, तेव्हा गुरे राखणाऱ्या एका मुलाने वाट दाखवली. गाव दिसताच व्हियानींनी तिथेच गुडघे टेकले.

गाव दुष्ट नव्हते, हे सांगायला हवे. पंचवीस-तीस वर्षांच्या उलथापालथीत धर्मशिक्षण बंद पडले होते आणि एक अख्खी पिढी देवळाविना वाढली होती. घंटेचा मनोरा क्रांतीत पाडला गेला होता. रविवारी मिस्सेला काही बाया आणि थोडे म्हातारे येत. पुरुष शेतात असत, किंवा दारूच्या गुत्त्यावर. एवढ्याशा गावात चार गुत्ते होते, त्यांपैकी दोन देवळाच्या अगदी जवळ. संध्याकाळी नाच. जे मिस्सेला येत ते जांभया देत, कुजबुजत, घोटाळत बसत आणि शेवटच्या आशीर्वादाआधी उठून जात. ख्रिस्तप्रसाद वर्षातून एकदा, पुनरुत्थानाच्या सणाला. तोही सर्वजण घेत नसत.

नव्या धर्मगुरूंनी पहिल्यांदा काय केले? वाड्यावरच्या बाईंनी त्यांच्या निवासात चांगले सामान ठेवले होते, त्यातले बरेचसे परत पाठवले. मग देवळाकडे लक्ष दिले. वेदी जुनी, किडलेली होती. स्वतःच्या पैशाने नवी केली. लाकूडकामाला स्वतः रंग दिला. मिस्सेची वस्त्रे विरली होती, म्हणून लिऑनला जाऊन जरीकाम करणाऱ्यांच्या दुकानांत फिरले. त्या दुकानांत एका लहानखुऱ्या, हडकुळ्या, ठिगळांच्या झग्यातल्या फादरांविषयी बोलले जाई. त्यांच्याकडे पैसे नाहीत असे वाटते, पण देवळासाठी मात्र सगळ्यांत उत्तम तेच त्यांना हवे असते! १८२० मध्ये घंटेचा मनोरा उभा राहिला, पुढे एकेक छोटे कपेल जोडले गेले. स्वतः ते आठवड्याचे बटाटे एकदम उकडून टोपल्यात ठेवत आणि भूक लागली की एखाद-दुसरा थंडच खात. शेवटचे बटाटे खाताना त्यांवर बुरशी आलेली असे. देवळातली वस्तू उंची हवी आणि स्वतःच्या ताटात काही नको, हे गणित गावकऱ्यांच्या लगेच ध्यानात आले. शेतकऱ्यांना कोणी बोललेले पटत नाही, पण कोण कशावर पैसा खर्चतो हे ते बारकाईने पाहतात.

दुसरी गोष्ट त्यांनी पाहिली ती कंदिलाची. पहाटे चार वाजता, कधी त्याहीआधी, निवासातून एक कंदील निघे आणि देवळात जाई. शेतावर निघालेल्यांनी कुतूहलाने दारातून डोकावले तर फादर मंजुषेपुढे गुडघे टेकलेले. दुपारी डोकावले तरी तिथेच. त्यांना पुस्तक लागत नसे. नजर मंजुषेवर, चेहऱ्यावर असे भाव की समोर कोणीतरी बसले आहे आणि ते त्यांच्याशी बोलत आहेत. रिकाम्या देवळात एक माणूस असा तासन्‌तास बसतो, तेव्हा बाहेरच्याला एकच शंका येते: खरेच तिथे कोणी आहे की काय?

आमच्या मते आर्सचे सारे काही या शंकेपासून सुरू झाले. कारण नुसत्या प्रवचनांनी ते झाले नसते. सुरुवातीची त्यांची प्रवचने कडक होती. आठवडाभर रात्री जागून ते पानेच्या पाने लिहीत, पाठ करीत आणि रविवारी प्रवचनपीठावर मध्येच विसरून जात. आवाज मात्र मोठा. प्रार्थना करताना इतके हळू आणि प्रवचनात एवढे ओरडता का, असे कोणीतरी विचारले. त्यावर त्यांनी सांगितले की प्रवचनात समोरचे बहिरे किंवा झोपलेले असतात, देव मात्र बहिरा नाही. रविवारच्या कामाविरुद्ध, गुत्त्यांविरुद्ध, नाचाविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलले. नाचाच्या दिवशी वाजंत्रीवाल्याला ठरल्यापेक्षा दुप्पट पैसे देऊन त्यांनी परत पाठवले, अशी गोष्ट सांगतात. संत योहान बाप्तिस्ता यांच्या कपेलच्या कमानीवर त्यांनी लिहवून घेतले की या संताचे शिर एका नाचापायी गेले! नाचणाऱ्या तरुण-तरुणींना ते पापक्षमा लांबणीवर टाकीत. हे आज वाचताना कठोर वाटते, आणि आम्हालाही ते सगळेच पटते असे नाही. लग्नात नाचणारी आपली माणसे काही देवापासून दूर गेलेली नसतात. पण आर्समध्ये रविवारची संध्याकाळ दारूने सुरू व्हायची आणि तिचा शेवट भांडणात, मुलींच्या बदनामीत व्हायचा, हेही त्यांनी पाहिले होते. वय वाढले तसे ते मवाळ होत गेले. शिक्षेविषयी बोलणे कमी झाले, देवाच्या प्रेमाविषयी वाढले.

गुत्ते एकामागून एक बंद पडले. नवे उघडले गेले तेही टिकले नाहीत. रविवारी नांगर उभे राहू लागले. यासाठी दहाएक वर्षे लागली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी पुरुषांसाठी पवित्र साक्रामेंताचा संघ आणि स्त्रियांसाठी रोझरीचा संघ पुन्हा उभा केला. रोज संध्याकाळी घंटा वाजली की गाव देवळात जमून रात्रीची प्रार्थना म्हणू लागले. १८२४ मध्ये गरीब आणि अनाथ मुलींसाठी त्यांनी एक घर व शाळा सुरू केली. गावातल्याच दोन मुलींनी ती चालवली, त्यांपैकी कॅथरिन लासान्य हिने पुढे फादरांविषयी लिहून ठेवलेल्या आठवणी फार मोलाच्या ठरल्या. या शाळेतले त्यांचे रोजचे धर्मशिक्षण ऐकायला मोठी माणसेही येऊ लागली. गर्दी वाढली तसा वर्ग देवळात हलवावा लागला.

आता एका शेतकऱ्याची गोष्ट. त्याचे नाव लुई शाफांजों. कामावर जाताना आणि परतताना तो कुदळ-फावडे देवळाच्या दाराशी टेकवून ठेवी आणि आत जाऊन बसे. हातात पुस्तक नाही, रोझरी नाही, ओठही हलत नाहीत. फादरांनी त्याला एकदा विचारले की एवढा वेळ तू काय करतोस. त्याचे उत्तर एवढेच होते की तो प्रभूकडे पाहतो आणि प्रभू त्याच्याकडे पाहतो. फादर हे पुढे कितीतरी वेळा सांगत आणि सांगताना रडत. न शिकलेल्या त्या शेतकऱ्याचे हे उत्तर आज कॅथलिक ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात, प्रार्थनेच्या भागात, नोंदलेले आहे.

हे लिहिताना आम्हाला आमचाच रविवार आठवला. लपवून काय उपयोग? पहिले वाचन सुरू झाल्यावर आम्ही आवारात शिरतो. प्रवचन संपेपर्यंत दाराबाहेर सावलीत उभे राहून पावसाच्या, भाज्यांच्या भावाच्या आणि लोकलच्या गोष्टी करतो. मोबाइल बंद करायचा राहतो आणि नेमका प्रतिष्ठापनेच्या वेळी वाजतो. ख्रिस्तप्रसाद घेतला की जागेवर न जाता थेट दुचाकीकडे. आमच्यापैकी काही जण हे वर्षानुवर्षे करत आलो आहोत, आणि आमची मुले आमच्याच शेजारी उभी राहून ते शिकत आहेत. आम्हाला शाफांजों काही वाईट म्हणाला नसता. तो बहुधा कुदळ टेकवून आमच्या बाजूने आत गेला असता.

व्हियानींची मिस्सा लांबलचक नसे. साधारण अर्ध्या तासात ती संपे. हे वाचून आम्हाला नवल वाटले, कारण भक्ती म्हणजे वेळ लावणे अशी आपली समजूत असते. फरक होता तो आधीच्या आणि नंतरच्या वेळेत. मिस्सेपूर्वी ते जमिनीवर गुडघे टेकून, हात जोडून, स्तब्ध तयारी करीत. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही. मिस्सेनंतर पुन्हा तसेच आभारप्रार्थनेत. प्रतिष्ठापनेनंतर हातातील ख्रिस्तप्रसादाकडे पाहताना त्यांचा चेहरा बदले, कधी डोळ्यांतून पाणी येई, कधी हसू. नुसता तो चेहरा पाहण्यासाठी लोक वेदीच्या जवळची जागा धरीत. म्हातारपणी दात पडले, आवाज बसला, प्रवचनातले निम्मे शब्द कळेनासे झाले. तेव्हा ते मंजुषेकडे वळत, हात करत, आणि पुढचे बोलणेच होत नसे. लांबून आलेल्यांना तेवढे प्रवचन पुरत असे.

त्या काळी फ्रान्समध्ये पुष्कळ धर्मगुरू लोकांना ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवत. आपण पात्र नाही, म्हणून वर्षातून एकदाच घ्यावा, ही भीती खोल रुजली होती. व्हियानी सुरुवातीला स्वतः त्याच वळणात शिकले होते. पण आर्समध्ये त्यांनी लोकांना वरचेवर ख्रिस्तप्रसाद घ्यायला बोलावले. त्यांचे म्हणणे असे की आपण पात्र नाही हे खरेच, पण आपल्याला त्याची गरज आहे. मात्र तयारीने यायचे, आणि तयारी म्हणजे पापनिवेदन. भीती गेली आणि आदर राहिला. हे साधणे किती अवघड असते ते आपण जाणतो. आपल्याकडे आता भीती उरलेली नाही. रांगेत सगळेच उभे राहतात, पण शनिवारी पापनिवेदनाच्या ठिकाणी चार माणसे दिसतात.

आर्समध्ये नेमके याच्या उलट झाले. १८३० च्या आसपासपासून बाहेरगावचे लोक पापनिवेदनासाठी येऊ लागले आणि ओघ थांबेनाच. अखेरच्या वर्षांत वर्षाला ८० हजार किंवा त्याहूनही अधिक माणसे आली, असा अंदाज आहे. लिऑनच्या स्थानकावर आर्ससाठी आठ दिवस चालणारी तिकिटे मिळत, कारण रांगेत तेवढे दिवस जाऊ शकत. मध्यरात्री एक-दोन वाजता फादर देवळात येत. स्त्रियांचे पापनिवेदन कपेलमध्ये, पुरुषांचे साक्रिस्तीत. मध्ये मिस्सा, अकरा वाजता धर्मशिक्षण, उभ्या उभ्या थोडे जेवण, मग पुन्हा रात्रीपर्यंत पापनिवेदन. दिवसाचे बारा तास, उन्हाळ्यात सोळा तास. हिवाळ्यात पाय बधिर होत, उन्हाळ्यात त्या कोंदट लाकडी खोक्यात गुदमरायला होई.

हे सर्व सुखाने झाले असे नाही. सुरुवातीच्या वर्षांत गावातल्याच काहींनी त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, दारावर घाण टाकली. शेजारच्या धर्मगुरूंनी त्यांना अडाणी ठरवले. त्यांची बदली करावी असा अर्ज फिरत होता, तो चुकून त्यांच्याच हाती आला. त्यांनी वाचला, खाली स्वतःची सही केली आणि पुढे पाठवून दिला. कारण त्यांनाही मनापासून तसेच वाटत होते. एकांतात जाऊन आपल्या पापांसाठी रडावे, ही त्यांची जन्मभराची ओढ होती. त्यासाठी ते आर्समधून पळूनही गेले. १८५३ च्या प्रयत्नाची हकिकत तर नाटकासारखी आहे. रात्री ते निघाले, गावाला सुगावा लागला, धोक्याची घंटा वाजवण्यात आली. आग लागली की काय म्हणून लोक हातात येईल ते घेऊन धावले. मदतनीस फादर तोकानिये यांनी त्यांचे प्रार्थनापुस्तक लपवून वेळ काढला. लोकांनी वाट अडवली, गुडघे टेकले, रडले. फादर मुकाट्याने देवळात परतले आणि पापनिवेदन ऐकायला बसले. पस्तीस वर्षांपूर्वी याच गावात घंटा वाजली तरी पुरुष देवळाकडे फिरकत नव्हते.

मानसन्मान आले. १८५२ मध्ये बिशपांनी कॅनन केले आणि अंगावर मानाची खांद्याची वस्त्रे घातली. ती त्यांनी विकून पैसे गरिबांना दिले. १८५५ मध्ये सम्राट तिसरा नेपोलियन याच्या सरकारने मानचिन्ह दिले. त्याचे त्यांना काही सुचेना.

१८५९ चा उन्हाळा भयंकर होता. जुलैच्या अखेरीस, त्र्याहत्तराव्या वर्षी, ते पापनिवेदनाच्या जागेवरून उठले ते थेट अंथरुणावर. पहाटे पुन्हा उठता आले नाही. त्यांनी पापनिवेदन केले. ख्रिस्तप्रसाद घेऊन धर्मगुरू खोलीकडे येत असल्याची घंटा ऐकली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. वीसेक धर्मगुरू मेणबत्त्या घेऊन आले होते, पण उकाड्याने जीव घाबरा होईल म्हणून त्या विझवाव्या लागल्या. बाहेर गावकऱ्यांनी शिड्या लावून निवासाच्या छपरावर कापडे ताणली होती आणि खोली थोडी गार राहावी म्हणून ते त्यांवर पाणी शिंपडत होते. ४ ऑगस्टच्या पहाटे दोन वाजता, बाहेर वादळ होत असताना, त्यांनी शांतपणे प्राण सोडला.

१९०५ मध्ये पोप पायस दहावे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले, १९२५ मध्ये पोप पायस अकरावे यांनी संत, आणि १९२९ मध्ये ते जगभरच्या धर्मग्रामांतील धर्मगुरूंचे आश्रयदाते झाले. आर्समध्ये यात्रेकरूंसाठी मोठी बॅसिलिका बांधण्यात आली, तिथे त्यांचे शरीर काचेच्या पेटीत ठेवलेले आहे. पण बॅसिलिकेसाठी जुने देऊळ सगळे पाडले नाही. नवी वास्तू त्याला लागूनच उभारली. जुन्या भागात त्यांचे प्रवचनपीठ आहे, पापनिवेदनाची लाकडी जागा आहे. आणि ज्या दाराशी शाफांजों कुदळ टेकवून ठेवी त्या देवळात आजही रोज माणसे येऊन, काही न बोलता, बसून राहतात.